मदत हवी आहे: क्योतोतल्या छोट्या जपानी ठिकाणी शाकाहारी आई-बाबांची सोय कशी करावी?

नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन क्योतोला जातोय. दोघंही शाकाहारी. कांदा-लसूण, दूध चालतं. अंडं-मासे अजिबात नाही. भारतीय रेस्टॉरंटं ठाऊक आहेत, ती सुचवू नका. काउंटरला सात-आठ खुर्च्या, समोरच रांधणारे शेफ, अशा घरगुती जागी त्यांना एकदा तरी जेवू घालायचंय. बाबांना त्याचं फार अप्रूप आहे.

अडचण आहे दाशीची, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या मूळ रश्श्याची. मिसो सूप, सोबा नूडल्ससोबतचं त्सुयू (सॉस), आगेदाशी तोफू (रश्श्यातला तळलेला तोफू), अगदी भाज्यांच्या तेम्पुरासोबतचा (जपानी भज्यांसोबतचा) रस्सासुद्धा. बहुतेक सगळ्यांत कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचा, अर्क असतो. 'मासे नकोत' सांगितलं तरी दाशी त्यात धरली जातेच असं नाही. नुसत्या कोंबू (समुद्री शेवाळ) किंवा शिइताके मशरूमची दाशी चालेल.

अराशियामाला तेनर्यूजी या बौद्ध देवळाच्या शिगेत्सु रेस्टॉरंटमध्ये शोजिन र्योरीचं (बौद्ध शाकाहारी) दुपारचं जेवण ठरवलंय, म्हणजे देवळातलं जेवण होईल. प्रश्न रात्रीचा आहे. हॉटेलमार्फत काही ओमाकासेच्या (शेफ ठरवतील तेच वाढतात अशा) जागी विचारलं, सगळीकडे नम्र नकार. दाशी सकाळीच मोठ्या भांड्यात करून ठेवतात, दोघांसाठी वेगळी करणं सोपं नाही, हे समजतं. म्हणून आग्रह करायचा नाही.

बजेट माणशी ६,००० येनपर्यंत. मला जपानी जेमतेम वाचता येतं.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा: ओबानझाई (क्योतोचं घरगुती जेवण), युदोफू (गरम पाण्यात शिजवलेला तोफू) की तेम्पुराचं काउंटर, कुठे कोंबूची दाशी मिळण्याची शक्यता जास्त? आणि बुकिंग करतानाच शेफना अवघड न वाटता हे कळवायला जपानीत नेमकं काय लिहावं?