मदत हवी आहे: एक्स.८०५ आणि एक्स.१०५१ ही सुरक्षेची दोन्ही मानकं धरायची का?

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात छोटी इंटरनेट सेवा चालवतो, सध्या सुरक्षा धोरण लिहितोय. आयटीयूचं (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं) २००३ चं एक्स.८०५ वाचलं: नेटवर्कचे तीन थर, तीन प्लेन (नेटवर्कवर चालणाऱ्या कामांचे प्रकार), म्हणजे नऊ चौकटी आणि प्रत्येकीत आठ बाबी तपासायच्या. मांडणी फार आवडली. मॅनेजमेंट प्लेन (उपकरणं सांभाळायचं काम) वेगळं काढल्यावरच दिसलं की ओएलटीचं (ग्राहकांच्या फायबर जोडण्या सांभाळणाऱ्या उपकरणाचं) लॉगिन पेज ग्राहकांच्या व्हीलॅनमधूनही (नेटवर्कच्या त्यांच्यासाठी वेगळ्या काढलेल्या भागातूनही) उघडतंय! ते आधी बंद करतोय.

पण पासवर्ड कुणाकडे असावेत, लॉग कसे जपावेत, असे रोजचे नियम एक्स.१०५१ मध्ये आहेत. ते आयएसओ २७००२ या माहिती-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेलं. चार-पाच माणसांच्या टीमला दोन्ही झेपतील का? छोट्या नेटवर्कसाठी कुणी हा तक्ता भरला असेल, तर कुठल्या चौकटीपासून सुरुवात केलीत ते कृपया सांगा.