मदत हवी आहे : ऑस्टिओपोरोसिस असलेल्या रुग्णाचे मनगटाजवळचे फ्रॅक्चर, एस५२ की एम८०?

नमस्कार. मी पुण्यात बसून अमेरिकेतील रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागाचे चार्ट कोड करते, म्हणजे रुग्णाच्या नोंदी वाचून निदानाला आणि उपचाराला बिलासाठी ठरलेले कोड देते. एस५२ हा आघाताने मोडलेल्या कोपर ते मनगटामधल्या हाडाचा निदान-कोड, तर एम८० हा ऑस्टिओपोरोसिसमुळे (हाडे ठिसूळ होण्याच्या आजारामुळे) मोडलेल्या हाडाचा. एका चार्टवरचा माझा कोड ऑडिटमध्ये चूक ठरला, पण ऑडिटरांचे म्हणणे मला अर्धेच पटले आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील अर्थातच वगळले आहेत.

पासष्टी ओलांडलेल्या बाई स्वयंपाकघरातल्या ओल्या फरशीवर घसरल्या आणि डाव्या तळहातावर पडल्या. डॉक्टरांच्या अंतिम निदानात 'डाव्या रेडियसच्या (कोपर ते मनगट या भागातल्या अंगठ्याकडच्या हाडाच्या) खालच्या टोकाचे फ्रॅक्चर' एवढेच आहे. रेडिओलॉजिस्टच्या अहवालात मात्र 'कोलीस फ्रॅक्चर' (रेडियसचा मनगटाजवळचा तुकडा हाताच्या पाठीकडे सरकतो ते) असे स्पष्ट लिहिले असून अल्ना या शेजारच्या हाडाच्या मनगटाजवळच्या टोकाचा, म्हणजे स्टायलॉइडचा, तुकडाही सरकल्याची नोंद आहे. हाड त्याच वेळी, शस्त्रक्रियेविना, ओढून बसवले. फ्रॅक्चर उघडे (त्वचा फाटलेले) की बंद हे कुठेच नाही, म्हणून नियमाप्रमाणे बंद धरून मी एस५२.५३२ए (कोलीस फ्रॅक्चर) आणि एस५२.६१२ए (स्टायलॉइड) हे कोड दिले.

ऑडिटरांनी बोट ठेवले ते तिसऱ्या पानावर. तिथे पूर्वेतिहासात 'ऑस्टिओपोरोसिस' हा एकच शब्द आहे आणि औषधांच्या यादीत आठवड्यातून एकदा घ्यायची अलेन्ड्रोनेट या ऑस्टिओपोरोसिसवरच्या औषधाची गोळी आहे. त्यांच्या मते एम८०.०३२ए हाच कोड योग्य. मार्गदर्शक सूचना मीही पुन्हा वाचली: ऑस्टिओपोरोसिसचे निदान आधीच झालेले असेल आणि ज्या किरकोळ पडण्याने निरोगी हाड सहसा मोडणार नाही अशा पडण्याने ते मोडले असेल, तर एम८० द्यावा. माझी अडचण त्या 'सहसा'पाशी आहे. ओल्या फरशीवर सगळा भार तळहातावर आला, तर धडधाकट माणसाचेही मनगट मोडते. मग हे पडणे किरकोळ होते की नव्हते, हे डॉक्टरांनी ठरवायचे की चार्ट वाचणाऱ्या कोडरने?

आपल्याकडे अशा वेळी थेट एम८० देतात, की डॉक्टरांना क्वेरी (खुलासा मागणारा लेखी प्रश्न) पाठवतात? क्वेरीचा माझा मसुदा असा आहे: 'रुग्णाला ऑस्टिओपोरोसिस असल्याची नोंद आहे. कृपया आपल्या वैद्यकीय मतानुसार फ्रॅक्चरचे कारण नोंदवावे: आघात, ऑस्टिओपोरोसिस, अन्य, किंवा सांगता येत नाही.' यात उत्तर सुचवल्यासारखे वाटते का?

एम८० दिल्यास स्टायलॉइडचा एस५२.६१२ए काढावा लागेल, असे मला वाटते. एकाच पडण्यातले एक हाड आजाराने आणि शेजारचे आघाताने मोडले, असे सांगणारा क्लेम (विमा कंपनीला पाठवायचे बिल) विचित्र दिसेल. उपचाराच्या २५६०५ या कोडला धक्का लागत नाही, कारण स्टायलॉइडचा शस्त्रक्रियेविना उपचार त्यातच धरलेला आहे.

जाता जाता आणखी एक. दहा दिवसांनी हाड पुन्हा सरकल्याने अस्थिरोगतज्ज्ञांनी ते परत बसवले. दुसरी भेट म्हणून सहकारी निदान-कोडचे शेवटचे, सातवे अक्षर 'डी' (उपचारानंतर बरे होतानाची भेट) लावू पाहतात. माझ्या मते प्रत्यक्ष उपचार चालू असल्याने 'ए'च राहील. ऑडिटला उत्तर द्यायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे.