अनुभव धागा: गल्लीतलं पार्किंग, कोपऱ्यावरचा कचरा आणि आपण केलेल्या तक्रारी

गल्लीबोळ:

गेल्या बुधवारी सकाळी आठ-दहाला आमच्या गल्लीत अँब्युलन्स अडकली. गल्ली सहा मीटरची. दोन्ही बाजूंच्या गाड्या वजा केल्या तर जेमतेम अडीच मीटर उरते, आणि नेमकी त्याच वेळी समोरून शाळेची व्हॅन आली. मागे रिक्षा, रिक्षामागे दुधाचा टेंपो. कुणीच मागे घ्यायला तयार नाही. शेवटी समोरच्या इमारतीतल्या आजींना स्ट्रेचरवरून कोपऱ्यापर्यंत उचलून नेलं. आजी सुखरूप आहेत, आता घरी आल्यात.

त्याच कोपऱ्यावर विजेच्या डीपीच्या पेटीला टेकून कचऱ्याचा ढीग असतो. पूर्वी तिथे लोखंडी कोंडाळं होतं. शहर 'कचरापेटीमुक्त' करायचं म्हणून ते उचललं. पेटी गेली, कचरा मात्र सवयीने तिथेच येतो.

मी महापालिकेच्या अ‍ॅपवर तीन तक्रारी केल्या. तिन्ही 'निराकरण करण्यात आले आहे' म्हणून बंद झाल्या. एकीला तर पुरावा म्हणून दुसऱ्याच कुठल्या तरी रस्त्याचा फोटो जोडलाय, त्यात नारळाची झाडं आहेत. आमच्या गल्लीत औषधालाही नारळ नाही.

तुम्ही कुणी आपल्या महापालिकेकडे, नगरपरिषदेकडे, ग्रामपंचायतीकडे असं काही नेलं असेल, तर काय केलंत, कुणाला भेटलात, काय झालं ते लिहा. काहीच झालं नसेल तर तेही लिहा. ऑफिसची आणि माणसांची नावं नकोत.

उगाच:

काही होत नाही. पुढचा धागा.

घाटकोपरवाली:

उगाच, होतं हो. वेळ लागतो. मुंबईत एएलएम म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट नावाचा प्रकार आमच्याच भागातल्या जोशी लेनमधून सुरू झाला, १९९७ च्या सुमारास. गल्लीतल्या लोकांनी ओला-सुका कचरा वेगळा करायचा, ओल्याचं खत तिथेच करायचं, आणि पालिकेने त्या गल्लीच्या रस्ता-गटारांकडे जरा जास्त लक्ष द्यायचं, असा साधा व्यवहार. नंतर बऱ्याच ठिकाणी तो कागदावरच राहिला. पण वॉर्ड ऑफिसात 'मी अमुक लेनच्या एएलएमची' म्हटलं की खुर्ची मिळायची. एकट्या बाईला मिळत नाही, हे मी दोन्ही प्रकारे जाऊन बघितलंय.

एरवी १९१६ ला फोन करून तक्रार क्रमांक घ्यायचा आणि वहीत लिहून ठेवायचा. माझ्या सासऱ्यांची ती वही अजून आहे. त्यातली एक नोंद : 'मांजर मेले आहे. ३ रा फोन.'

जुना कारकून:

महापालिकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी क्षेत्रीय कार्यालयात आवक-जावकला. त्यामुळे तक्रारी कुठे जातात ते टेबलाच्या पलीकडून पाहिलंय.

पहिली गोष्ट, गल्लीबोळताई, तुमची तक्रार एक नाही, तीन आहेत. रस्ता, पट्टे, फलक, फूटपाथ हे महापालिकेचं. गाडी कुठे लावायची नाही हे ठरवणं आणि लावली तर उचलणं हे वाहतूक पोलिसांचं. कोपऱ्यावरचा कचरा घनकचरा विभागाचा. 'नो पार्किंग'चा आदेश मोटार वाहन कायदा, १९८८ खाली वाहतूक शाखा काढते, हरकती-सूचना मागवते, मग महापालिका फलक लावते. आदेश नसताना सोसायटीने स्वतः रंगवून लावलेल्या पाटीला कवडीची किंमत नाही. लोक मात्र तिघांची मिळून एक लांबलचक तक्रार लिहितात. ती ज्या टेबलावर पडते तो माणूस आपल्या भागापुरतं उत्तर देतो, 'सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही' असं लिहितो, आणि फाईल बंद. खोटंही नसतं ते.

दुसरं, अर्ज दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. ही पोच. आम्ही माणसाला विसरायचो, पण आवक क्रमांकाला उत्तर द्यावंच लागायचं.

तिसरं, अर्जात 'प्रचंड त्रास होतो', 'नागरिकांच्या जिवाशी खेळ' असं लिहू नका. रोज तसली पन्नास पत्रं येत. 'सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७.५० ते ८.३०, अमुक इमारतीच्या फाटकापासून तमुक दुकानापर्यंत' असं लिहा. पाहणीला येणारा माणूस अकराला येतो, तेव्हा गल्ली रिकामी असते आणि तो 'वाहतूक सुरळीत आढळली' असा अहवाल देतो. त्याला आठ वाजता बोलवा. चहा द्या.

गल्लीबोळ:

काका, हे सोन्यासारखं आहे. नारळाच्या झाडांचं काय करू?

जुना कारकून:

माहितीचा अधिकार. २००५ चा कायदा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 'तक्रार क्रमांक अमुक बंद करताना केलेल्या पाहणीच्या अहवालाची प्रत द्यावी' एवढं एकच वाक्य. उत्तराला तीस दिवस. नाही आलं तर प्रथम अपील. 'का केलं नाही' असं विचारायचं नाही, कारण 'का' ही माहिती होत नाही. कागद मागायचा.

किराणा भुसार:

दुसरी बाजू पण लिहितो. माझं दुकान अशाच गल्लीच्या तोंडाशी. रहिवाशांनी अर्ज करून एका बाजूला नो पार्किंग करून घेतलं. पहिल्या महिन्यात टोइंगवाल्यांनी माझ्या गिऱ्हाइकांच्या सात दुचाक्या उचलल्या. माणूस दोन किलो साखर घ्यायला उतरतो आणि दंड भरून घरी जातो, तो परत येईल का? आणि रात्री त्याच पट्टीत कोणाच्या गाड्या उभ्या असतात? अर्जावर सह्या करणाऱ्यांच्याच.

मग मी आणि शेजारचा केमिस्ट जाऊन भेटलो. सम-विषम करून मिळालं. पी-वन पी-टू, सम तारखेला एक बाजू, विषमला दुसरी. ३१ ला विषम आणि लगेच १ ला पुन्हा विषम, त्या दिवशी अर्धी गल्ली चुकते. पण चाललंय बरं. हरकती-सूचना मागवतात तेव्हा दुकानदाराला पण विचारा एवढंच म्हणणं.

वाचनमात्र:

पहिल्यांदाच लिहितोय. आमचं तालुक्याचं गाव, नगरपरिषद. शाळेसमोर गतिरोधक हवा म्हणून पालकांनी मुख्याधिकाऱ्यांना निवेदन दिलं. महिन्याने उत्तर आलं की रस्ता नगरपरिषदेचा नाही, सार्वजनिक बांधकाम खात्याचा राज्यमार्ग आहे. गावाच्या मधोमध जातो, आम्ही त्याला मेन रोड म्हणतो, आणि तो आमचा नाहीच! बांधकाम खात्याकडे गेलो तर म्हणाले पोलिसांचं अपघातांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले नोंद झालेला अपघात एकच. पोरं पडतात, खरचटतं, त्याची नोंद कोण करतो?

दरम्यान एका रात्री कोणीतरी उत्साहाने सिमेंटचा उंचवटा घालून दिला. आठवड्यात दोन मोटारसायकली आपटल्या, एका गरोदर बाईला रिक्षात असा हिसका बसला की विचारू नका. तो फोडला. तेव्हा एका इंजिनिअरनी समजावलं की इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात हंप दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे चढ-उतार पसरट. आपले गावठी गतिरोधक म्हणजे रस्त्यावर आडवं टाकलेलं लाकूड. शेवटी पांढऱ्या जाड पट्ट्यांचे रम्बलर मिळाले. सात महिने लागले. आठवडी बाजाराच्या दिवशी त्यावरच टोमॅटोवाले बसतात, तो वेगळा धागा होईल.

उगाच:

बघा, सात महिने.

मांडवीकाठ:

गोव्यात पंचायत क्षेत्रात राहतो. आमच्याकडे सगळं ग्रामसभेत, रविवारी. चर्चची मास संपली की लोक येतात, आणि जी भांडणं होतात ती टीव्हीवर दाखवण्याजोगी. किनाऱ्याकडे जाणाऱ्या आमच्या अरुंद रस्त्यावर सीझनला भाड्याच्या गाड्या दोन्ही बाजूंनी, बस अडकली की तासभर हॉर्न. वळणावर माडाच्या खाली बियरच्या बाटल्या आणि हॉटेलवाल्यांच्या पिशव्या.

दोन ग्रामसभांत मी ओरडलो. टाळ्या पडल्या. काही झालं नाही. तिसऱ्या वेळी एका म्हाताऱ्या शिक्षकाने कानात सांगितलं, 'ओरडू नको, ठराव मांड आणि इतिवृत्तात नोंदवून घे.' पुढच्या सभेत आधी मागचं इतिवृत्त वाचतात. तेव्हा हात वर करून एवढंच विचारायचं, ठरावाचं काय झालं? सरपंचाला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. वळणावर आता कॅमेरा आहे, एका बाजूला खांब रोवलेत. बाटल्या पन्नास मीटर पुढे सरकल्या.

कोपऱ्यावरची:

'पन्नास मीटर पुढे सरकल्या' 😄 आमचंही तेच. ढीग साफ करून आम्ही तिथे रोज रांगोळी काढायचो. दहा दिवस कुणी पिशवी टाकली नाही. अकराव्या दिवशी पाऊस आला, रांगोळी गेली, बाराव्या दिवशी पिशवी. मग भिंतीवर देवांच्या टाइल्स लावल्या, तर त्यांच्या पायाशी जुन्या तसबिरी, फुटके फ्रेम आणि निर्माल्य यायला लागलं. देवाच्या जागी देवाचा कचरा, लोकांचा तर्क बरोबरच म्हणायचा.

खरा फरक कशाने पडला सांगते. दोन दिवस सकाळी साडेसहा ते साडेनऊ मी आणि शेजारीण खुर्च्या टाकून बसलो. कोण टाकतं ते बघायला. आम्हाला वाटत होतं मागच्या वस्तीतले. निघाले कोण? आठच्या आत कामाला निघणारे, भाड्याने राहणारे मुलगे-मुली. घंटागाडी यायची सव्वानऊला, तोपर्यंत त्यांचं घर बंद. बिचारे जाता जाता पिशवी ठेवून जात. मुकादमाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, 'बाई, हे आधी कोणी सांगितलंच नाही, सगळे नुसते फोटो पाठवतात.' गाडीचा फेरा उलटा केला, आमची गल्ली आधी. आता सात-पस्तीसला 'गाडीवाला आया' वाजतं. ढीग नव्वद टक्के गेला. उरलेला दहा टक्के रात्रीचा चायनीज गाडीवाला. त्याच्याशी अजून चालू आहे.

टेम्सकाठी:

लंडनच्या एका उपनगरातून. इथे काउन्सिलरच्या भेटीच्या वेळेला 'सर्जरी' म्हणतात. पहिल्यांदा पत्रक आलं तेव्हा बायको म्हणाली, या माणसाला कसलं ऑपरेशन करायचंय? शनिवारी वाचनालयात बसतात, रांगेत जाऊन बोलायचं.

आमच्या रस्त्यावर स्टेशनला जाणारे लोक सकाळी गाड्या लावून जात. रहिवासी परवाना पद्धत आणायची म्हणून घराघरात पत्रं आली, खांबांवर नोटिसा लागल्या, हरकतींना एकवीस दिवस. मी मोठ्या उत्साहाने पाठिंबा दिला. मंजूर झालं. मग कळलं की आता आपलीच गाडी आपल्याच दारात लावायला दरवर्षी पैसे, आणि आईबाबा आले की पाहुण्यांचे पास वेगळे. शेजारी अजून मला 'पार्किंग मॅन' म्हणतो. खड्डे, फेकून दिलेल्या गाद्या यांसाठी फिक्समायस्ट्रीट नावाची साइट आहे, २००७ पासून. नकाशावर टाचणी टोचली की ती बरोबर त्या काउन्सिलकडे जाते. रस्ता कुणाचा हे नागरिकाने शोधायचं नसतं. वाचनमात्र यांचं वाचून हे लिहावंसं वाटलं. गाद्या मात्र इथेही फोटोतच लवकर उचलल्या जातात.

पेठकर:

नगरसेवकांबद्दल कुणी लिहिलं नाही. राज्यातल्या बऱ्याच महापालिकांत २०२०-२२ पासून काही वर्षं प्रशासकच होते. तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की आपण नगरसेवकाला शिव्या देतो, पण रात्री साडेदहाला चेंबर तुंबल्यावर फोन त्यालाच करतो. प्रशासकाचा नंबर कोणाकडे असतो? निवडणुका झाल्यावर आमच्याकडे पहिलं काम काय झालं, तर बाकांवर नवीन नावं. असो.

पुण्यात एक सोय आहे, २००६-०७ पासून. अंदाजपत्रकात नागरिकांनी छोटी कामं सुचवायची, फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात. आम्ही चौकात दुचाक्यांसाठी पट्टे आणि फूटपाथच्या तोंडाला खांब सुचवले होते. खांब आले. त्यांना आता वडापावच्या गाडीची ताडपत्री बांधतात.

सायकलस्वार:

भंगार गाड्यांचं कुणाला माहीत आहे का? आमच्याकडे एक मारुती व्हॅन चार वर्षं उभी आहे. आत मांजरीची तिसरी पिढी.

जुना कारकून:

नंबर प्लेट, फोटो, किती दिवस उभी ते लिहून अतिक्रमण विभाग आणि वाहतूक शाखा दोघांना द्या. काचेवर नोटीस चिकटवतात, मुदत देतात, पंचनामा करून उचलतात. मांजरी आधी हलवा.

गल्लीबोळ:

ताजी खबर. काल तीन वेगवेगळे अर्ज दिले, प्रत्येकी दोन प्रती. खिडकीतल्या बाईंनी न विचारताच शिक्का मारला, त्यामुळे माझं भांडायचं सगळं पाठांतर वाया गेलं.

आज सकाळी आठला वाहतूक शाखेचे एक हवालदार खरंच आले. चहा घेतला. शाळेची व्हॅन, रिक्षा, सगळं बघितलं आणि म्हणाले, 'ताई, या उभ्या गाड्या कुणाच्या ते मोजलंय का?' मोजलं नव्हतं. वॉचमनला घेऊन दोघांनी मोजल्या. एकतीस. त्यातल्या बावीस आमच्याच सोसायटीच्या. आत जागा नाही असं आम्ही म्हणतो, पण तळमजल्यावरच्या पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये बिल्डरच्या उरलेल्या फरश्या, दोन मोडके सोफे, गणपतीचा मांडव आणि कोणाचा तरी ट्रेडमिल आहे. तिथे नऊ गाड्या बसतात, हवालदारांनी पावलांनी मोजून दाखवलं.

बावीसमध्ये एक माझी.

रविवारी मीटिंग ठेवली आहे. ट्रेडमिल चेअरमनचा निघाला.

कोपऱ्यावरची:

इतिवृत्तात नोंदवून घ्या हो.