विमानाचं भाडं सरकारने बांधून द्यावं का? कालच्या पोस्टला माझं उत्तर

डिचोलीकर
काल इथे एकाने लिहिलं की डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा सरकारने 500 किमीपर्यंत 7,500 रुपयांची मर्यादा घातली, तीच कायमची ठेवा, आणि मुळात 1994 ला 1953 चा सरकारीकरणाचा कायदा रद्द करून विमानधंदा खाजगीला मोकळा केला हीच चूक. वाचून राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितोय.

ज्यांना ते दिवस परत हवेत त्यांनी ते बघितलेले नाहीत. 1953 च्या कायद्याने सगळ्या कंपन्या सरकारजमा झाल्या, देशातल्या देशात उडायला एक इंडियन एअरलाइन्स, कुठे उडायचं आणि भाडं किती ते दिल्लीत ठरणार. आमच्यासाठी विमान म्हणजे गोव्याच्या दाबोळी विमानतळावर कोणाला पोचवायला गेलो तर जाळीतून बघायची वस्तू. 1989 ला आजी मुंबईत काकांकडे अत्यवस्थ झाली. बसला जागा नव्हती म्हणून बाबा मडगावहून मीटरगेजने मिरज, तिथे गाडी बदलून मुंबई असे गेले (कोकण रेल्वे पूर्ण व्हायला 1998 उजाडलं). दादरला उतरले तेव्हा आजीला नेऊन झालं होतं. बाबांनी हे शेवटपर्यंत काढलं. आणि 2019 ला बाबा गेले तेव्हा माझी बहीण सकाळी मुंबईत होती ती दुपारी डिचोलीत अंगणात उभी होती. तिकीट 3,400. हे मोकळीक दिल्यामुळेच झालं. भाडं बांधून दिलं की विमानं कमी होतात, जागा कमी होतात, आणि मग ओळखीवाल्यालाच तिकीट.

आबोली
दादा, तुमच्या बहिणीला 3,400 ला मिळालं हे तिचं नशीब. मी मुंबईत नर्स आहे. 2024 च्या डिसेंबरात 26 तारखेला पहाटे फोन आला, आई गेली. साधी सीट, एकटीची, मुंबई-गोवा 17,800. भरले, कारण दुसरं करणार काय. शेजारच्या सीटवर एक मुलगा होता, पार्टीला चालला होता, त्याने महिनाभर आधी 4,100 ला काढलेलं. तेच विमान, तोच पाऊण-एक तास. मरण काय महिनाभर आधी बुक करायचं असतं? तुम्ही म्हणता ओळखीवाल्याला तिकीट मिळायचं, आता पैसेवाल्याला मिळतं, फरक काय पडला?

खाजनशेत
आबोलीताई, वाईट वाटलं. पण मर्यादेचा अनुभव आपण घेतलाय ना. मे 2020 पासून ऑगस्ट 2022 अखेरपर्यंत भाड्याला पट्टा होता, वरून आणि खालूनही. वरची मर्यादा सगळ्यांना आठवते, खालची कोणाला आठवत नाही. स्वस्त तिकीट विकायलाच बंदी. सरकारच्या हातात भाडं दिलं की ते कंपन्यांचंही ऐकतं, फक्त आपलं नाही.

आणि बसचं काय? महाराष्ट्रात खाजगी बसला एसटीच्या दीडपटीची मर्यादा 2018 पासून आहे. चवथीच्या (गणपतीच्या) आधी दोन दिवस पनवेलला उभं राहून कोणी दीडपटीत घरी येऊन दाखवावं. मी मागच्या साली तिप्पट दिले, पावती मागितली तर खाली उतर म्हणाला.

वास्कोची_बाय
सगळे विमानावर का तुटून पडलाय? खरी लूट विमानतळाच्या दाराबाहेर आहे. गेल्या महिन्यात लेक पुण्याहून आली, विमान 2,700, आणि मोपाच्या नव्या विमानतळाहून फोंड्याला टॅक्सी 2,400! पूर्वी दाबोळीला उतरली की मी स्वतः आणायला जायचे. आता मोपाला पोचेपर्यंत माझे दोन तास जातात. मीटर कुठे आहे? कोर्टाने सांगून झालं, सरकारने सांगून झालं, डिजिटल मीटर गाडीत असतो पण टाकत कोणी नाही.

पेडण्याचो
बाय, तोंड सांभाळून. माझ्या भावाची टॅक्सी आहे. मोपासाठी आमची काजूची बाग गेली, जे पैसे मिळाले त्यात घराचं छप्पर झालं आणि गाडीचं डाऊन पेमेंट, बस्स. त्याला दिवसाला दोन भाडी मिळतात, पावसात कधी एकच. फोंड्याहून रिकामा परत येतो तेव्हा डिझेल कोण घालतं? 2,400 मधले त्याच्या हातात किती उरतात ते एक दिवस त्याच्या शेजारी बसून मोजा आणि मग लूट म्हणा.

वास्कोची_बाय
बागेचं दुःख मला कळतं, माझ्या माहेरचंही रस्त्यात गेलं. पण त्याची भरपाई माझ्या लेकीने का करायची? ॲप येऊ द्या तर रस्ता अडवता. 2018 ला गोवामाइल्स हे टॅक्सीचं ॲप आलं तेव्हा ड्रायव्हरांना मारहाण झाली, ते विसरायचं?

पेडण्याचो
मारणाऱ्यांची बाजू मी घेत नाही, कधी घेतली नाही. पण ॲपवाला पहिलं वर्ष स्वस्त देतो, आम्ही गाड्या विकल्या की मग सर्ज लावतो, म्हणजे गर्दी बघून भाडं चढवतो. केंद्राच्या 2025 च्या नियमांत मूळ भाड्याच्या दुप्पट घ्यायला मोकळीक आहे. भाऊ दुप्पट घेतो तेव्हा लूट, मोबाइल घेतो तेव्हा टेक्नॉलॉजी.

खाजनशेत
विषय विमानाचा होता रे.

आबोली
विषय तोच आहे! जरा नीट बघा. डिचोलीकर दादा, गेल्या वर्षी टॅक्सीच्या धाग्यावर मीटर सक्तीचा करा म्हणून तुम्हीच भांडत होता, मला आठवतंय. टॅक्सीचं भाडं मोटार वाहन कायद्याच्या कलम 67 खाली राज्य सरकारने ठरवलेलं तुम्हाला चालतं. विमानाचं आलं की बाजार. पेडण्याच्या भावाचा एक माणूस, एक गाडी, त्याला मीटर, आणि ज्यांच्याकडे देशातले दहातले नऊ प्रवासी दोन गटांत वाटलेले त्यांना नाही? आणि पेडण्याच्या दादा, तुमचंही उलट तेच, ॲपच्या सर्जला मर्यादा हवी आणि टॅक्सीला नको.

डिचोलीकर
हे लागलं. खोटं कशाला बोलू, मी तसं लिहिलं होतं. रात्री अकराला माणूस बाहेर आला की त्याच्यापुढे एकच रांग असते, तिथे सौदा होत नाही म्हणून मीटर, असं माझं म्हणणं होतं. आणि 26 डिसेंबरच्या पहाटे तुमच्यापुढेही एकच रांग होती, हे मला मान्य करावं लागतंय. मनापासून नाही आवडत, पण करतोय.

पण 1953 परत आणा याला माझा अजूनही विरोधच. मोकळीक पुरती झालीच नाही हे दुखणं आहे. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, किंगफिशर, 2019 ला जेट, 2023 ला गो फर्स्ट, एकेक बंद पडत गेली. इंधनावर राज्यांचा व्हॅट, ते अजून जीएसटीत नाही, मग नवा टिकणार कसा? दोघेच उरले की एकाच्या वैमानिकांचं वेळापत्रक कोलमडलं तर सगळा देश विमानतळावर झोपतो, डिसेंबरात तेच झालं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम आधीच सांगितलेले होते, माणसं घेतली नाहीत.

खाजनशेत
आणि छोट्या गावांचं? अमेरिकेत 1978 ला कार्टरनी कायदा करून भाडी मोकळी केली तेव्हाच छोट्या गावांच्या विमानांसाठी सरकारी पैशाची सोय करून ठेवली होती, नाहीतर तिथे कोणी उतरलंच नसतं. आपल्याकडे सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ बघा. 2021 ला थाटात सुरू, केंद्राच्या उडान योजनेचे पैसे होते तोवर मुंबईचं विमान, मग माणसं परत मोपाला यायला लागली. मोकळीक द्यायची तर हे खर्चात धरूनच द्यायची.

पेडण्याचो
चिपीचं खरं आहे. भाऊ कुडाळ-सावंतवाडीची भाडी मोपाहूनच उचलतो. रात्रीच्या भाड्याला ठरलेला दर लावायला त्याची ना नाही, फक्त रिकाम्या परतीचे धरा म्हणतो. मीही तेवढंच म्हणतोय.

आबोली
मला एवढंच हवंय. विमान नियमावलीच्या नियम 135 मध्ये लिहिलंय की कंपनीने भाडं खर्च आणि वाजवी नफा धरून ठरवायचं, आणि अवाजवी वाटलं तर डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने) आदेश द्यायचा. म्हणजे कायदा मेलेला नाही, वापरत नाहीत. वर्षभर मर्यादा नको, 3,000 ला विका, 8,000 ला विका. पण प्रत्येक विमानात शेवटच्या दिवसासाठी चार सीटा ठेवा, मयताचा किंवा हॉस्पिटलचा कागद दाखवला की ठरलेल्या भाड्याने द्या. चार. त्याने कोणती कंपनी बुडते?

डिचोलीकर
चार सीटांना माझा विरोध नाही. खोटे कागद येतील, पण येऊ देत. मात्र भाडं विमानात बसायच्या आधी दाखवायला हवं, नंतर भरून मागा असं नको, ते पैसे कोणाला परत मिळत नाहीत.

वास्कोची_बाय
आबोली, आईचं वर्षश्राद्ध झालं का गं? पुढच्या वेळी मोपाला उतरलीस तर मला फोन कर. दोन तास लागले तरी मी येते.