गोष्टीतला वाढदिवस: तुम्ही कसा केलात?

लेक पुढच्या महिन्यात पाच वर्षांची होते आहे. यंदा राजकन्या नको, युनिकॉर्न नको. तिला ‘म्हातारी आणि भोपळ्याचा’ वाढदिवस हवा आहे. सजावटवाल्यांकडे चौकशी केली. त्यांची पात्रं ठरलेली असतात, म्हातारी कोणाकडेच नाही. घर दोन खोल्या नि हॉल, मुलं बारा-पंधरा, सगळी चार ते सहा वयाची. आवडत्या गोष्टीवर किंवा पुस्तकावर ज्यांनी वाढदिवस केलेत त्यांनी लिहा. नुसत्या सजावटीबद्दल नको. मुलांनी त्या दोन तासांत केलं काय, खाल्लं काय, फसलं काय, सगळं चालेल.

दोन मुलांची आई, कोथरूड

आमच्याकडे हाच भोपळा होऊन गेलाय, म्हणून जरा सविस्तर. पहिली गोष्ट, खरा लाल भोपळा कोरायच्या फंदात पडू नका. साल कडक, सुरी घसरते, आणि एवढं करून मूल काही त्यात मावत नाही. खोका घ्या. मिक्सरचा लहान पडतो, वॉशिंग मशीनच्या खोक्यात मूल बुडून जातं, मायक्रोवेव्हचा बरोबर. वरचं-खालचं झाकण कापायचं, बाहेरून केशरी रंग द्यायचा. मूल मधे उभं राहतं, खोका कमरेशी धरतं आणि टुणुक टुणुक उड्या मारतं. झाली शर्यत.

पण खरी मजा जंगलात आली. आमचा पॅसेज म्हणजे जंगल. स्वयंपाकघराच्या दारात कोल्हा (आत्या), बेडरूमच्या दारात वाघ (बाबा). वाघानं अडवलं की म्हणायचं, “लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.” पहिल्या फेरीत सगळी लाजत होती. दुसऱ्या फेरीपासून प्रत्येकाची स्वतःची सबब सुरू झाली. “मला खाऊ नको, माझा स्विमिंगचा क्लास आहे.” “माझ्या पोटात जंत आहेत, तुलापण होतील.” वाघाला हसू आवरेना. दोनच फेऱ्या ठरवल्या होत्या, पण जंगल केकपर्यंत चाललं.

लेकीचं घर म्हणजे डायनिंग टेबल. तूप-साखर-पोळीच्या गुंडाळ्या, भोपळ्याचे घारगे, काकडी. घारगे आदल्या दिवशी करून ठेवता येतात, हा त्यांचा मोठा गुण. आणि एक, वाघाचा मुखवटा काठीला लावून हातात धरा, तोंडावर बांधू नका. रोजच्या ओळखीचे काका मुखवट्याआड गेले की चार वर्षांची मुलं खरंच घाबरतात.

श्टुटगार्टहून, तीन वर्षांच्या मुलाची आई

इथल्या बालवाड्यांत भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक हमखास सापडतं. ते 1969 साली अमेरिकेत आलं, पण त्याचे लेखक-चित्रकार एरिक कार्ल यांचं बालपण आमच्याच शहरात गेलं, म्हणून इथे त्याचं जरा जास्तच कौतुक.

त्या गोष्टीत मेनू आयता लिहिलेला आहे. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, बुधवारी तीन प्लम, गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्या, शुक्रवारी पाच संत्री. पाच ताटल्या ओळीनं मांडल्या, कापडाचा लांब बोगदा टेबलासमोर लावला. मुलांनी बोगद्यातून सरपटत यायचं आणि त्या वारचं फळ खायचं. एरवी फळाकडे ढुंकून न बघणारा आमचा मुलगा बुधवारचे प्लम मिटक्या मारत खात होता. शनिवारी सुरवंट वाट्टेल ते खातो: केक, आइस्क्रीम, चीज, लोणचं, सलामी, कलिंगड. सलामी आम्ही गाळली. लोणच्याच्या जागी सासूबाईंचं गोड लिंबाचं लोणचं ठेवलं, ते जर्मन मुलांच्या आयांनीच संपवलं. रविवारी सुरवंट एक हिरवं पान खातो नि त्याला बरं वाटतं, म्हणून शेवटी पालकाचं एकेक पान. ते मात्र कोणी खाल्लं नाही.

केकही कापायला लागला नाही. कपकेक वळणावळणानं मांडले, पहिला लाल, बाकी हिरवे, झाला सुरवंट. इथे साधारण हिशेब असा की जितकं वय तितके पाहुणे, त्यामुळे सगळं आवाक्यात राहतं. आपल्याकडे हे जमणार नाही, माहीत आहे. आमच्याकडेही मराठी मंडळातली मुलं धरून आकडा दुप्पट झालाच. मधल्या वेळेसाठी इथला जुना खेळ घ्या: डोळे बांधलेलं मूल लाकडी डाव घेऊन जमिनीवर रांगत पालथं पातेलं शोधतं, डाव पातेल्यावर वाजला की खालचा खाऊ त्याचा. खर्च शून्य. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा.

आजोबा, सांगली

आमच्या काळी वाढदिवस म्हणजे सकाळी अंघोळ, औक्षण, नवा सदरा आणि शिरा. ही ‘थीम’ काय भानगड आहे ते मला सूनबाईंनी समजावलं. मी म्हटलं, मग चिऊ-काऊ करा, त्याला बाजारात जावं लागत नाही.

दार बंद ठेवलं. पाहुणा आला की त्यानं बाहेरून म्हणायचं, “चिऊताई चिऊताई, दार उघड.” आतून नातीनं उत्तर द्यायचं, “थांब, माझ्या बाळाला तीट लावते.” मग पुढचा आला की “अंघोळ घालते,” “काजळ घालते.” तिला हे इतकं आवडलं की एका पोराला जिन्यात बराच वेळ उभं केलं, ते रडकुंडीला आलं. दाराशी एक मोठं माणूस ठेवाच.

मग अंगणात घरं बांधली. अर्ध्यांचं शेणाचं, अर्ध्यांचं मेणाचं. शेणाला सूनबाईंनी नाक मुरडलं, म्हणून कुंडीतली माती. मेणाच्या जागी विटांचे तुकडे आणि फरशीचे कपचे. घरं झाल्यावर मी झारी घेऊन पाऊस पाडला. मातीची घरं वाहून जायला लागली आणि पोरांनी जो दंगा केला! बांधण्यापेक्षा वाहून जाण्यातच त्यांना जास्त रस. मग विटांची घरंही पाडली. गोष्टीचा शेवट नातीनं तिच्या आजीकडून ऐकलेला, त्यात कावळ्याला चटका बसतो. सूनबाई म्हणाल्या, तो नको. मी तोच सांगितला. मुलांना चटका हवा असतो, मोठ्यांना नको असतो.

डोंबिवली, दहा वर्षांच्या मुलाचे बाबा

वरचं सगळं लहानांचं आहे. नऊ-दहाच्या पुढे मुखवटे-बिखवटे चालत नाहीत, तिथे शोधमोहीम लागते. आम्ही फास्टर फेणे केला. अडचण अशी की भा. रा. भागवतांची पुस्तकं आमच्या मुलानं वाचलेली, मित्रांनी नाही. त्यांना 2017चा सिनेमा माहीत, आणि त्यातला फेणे चांगला मोठा, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला, सायकलवर भन्नाट सुटणारा पुस्तकातला शाळकरी बनेश फेणे त्यांना ठाऊकच नव्हता. म्हणून आल्या आल्या एक प्रसंग मोठ्यानं वाचला, अगदी पेचाच्या जागी पुस्तक मिटलं, आणि तिथूनच मोहीम सुरू.

पहिली चिठ्ठी सांकेतिक: प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतलं पुढचं. ‘मोटार’ हवं तर ‘योठाल’. (इंग्रजी शाळेतल्या मुलांसाठी वर्णमालेचा तक्ता पार्किंगच्या खांबावर चिकटवला. तो पाहून दोघा आजोबांनी थांबून दाद दिली.) सोसायटीचे वॉचमन काका आमचे खबरे; त्यांच्यापुढे फेणेसारखं “ट्टॉक्” केलं तरच ते पुढची चिठ्ठी देणार. त्यांनी ही भूमिका इतकी मनावर घेतली की एका मुलाचं ‘ट्टॉक्’ पसंत पडेना म्हणून त्याला परत पाठवलं. सायकली फक्त सोसायटीच्या आत, गेट बंद.

नाशिक

सजावटवाल्याला पुस्तक नेऊन दाखवलं, चित्रं दाखवली, आगाऊ पैसे दिले. प्रत्यक्षात तेच निळे-गुलाबी फुगे आणि बर्फातल्या राजकन्येचा पडदा. “मॅडम, मुलांना काय कळतंय.” बाकी लिहीत नाही. एवढंच सांगते, 1 जुलै 2022 पासून फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, सजावटीचं थर्माकोल आणि 100 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकचे बॅनर यांवर देशभर बंदी आहे. तरी हे लोक सर्रास आणतात, आधीच बजावून ठेवा. जुन्या साड्यांचे पडदे कधीही देखणे दिसतात.

शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, यवतमाळ जिल्हा

आमच्या वर्गात वाढदिवसाला चॉकलेटं वाटायची पद्धत पडली होती. ज्यांच्या घरी जमत नाही ती पोरं त्या दिवशी शाळेत येतच नव्हती. मग आम्ही महिन्याचे सगळे वाढदिवस एकाच शनिवारी घेऊ लागलो. ज्यांचा वाढदिवस, त्यांनी मिळून गोष्ट निवडायची आणि वर्गाला करून दाखवायची. टोपीवाला आणि माकडं सगळ्यांत लाडकी, कारण वर्तमानपत्राच्या टोप्या आणि एक निंबाचं झाड एवढ्यावर भागते. खायला मुरमुऱ्याचा चिवडा.

पुस्तकं हवी असतील तर ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्या छापून वाटायलाही परवानगी आहे. चित्रं मोठी छापून भिंतीवर लावता येतात. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकंही स्वस्त असतात. परतभेट म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत भरलेल्या शिट्ट्या नि पेन्सिली देण्यापेक्षा प्रत्येकाला वेगळं पुस्तक द्या, मग पोरं आपसात बदलून वाचतात.

ठाणे, जुळ्यांची आई

जुळ्यांची दोन पुस्तकं, दोन थीम, एकच केक. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला आगगाडी. शेवटी हत्ती आगगाडीत बसवला आणि दोघांनी तहावर सह्या केल्या. बाकी सूचना एकच: आमंत्रणात ‘संध्याकाळी पाचपासून’ असं मोघम लिहू नका, ‘पाच ते सात’ लिहा. पहिला तास खेळ, मग गोष्ट, मग केक. केक आधी कापला तर गोष्ट कोणी ऐकत नाही.