चरबी घटवायची असेल, तर आधी शिताचा (भाताचा) ढीग कमी करावा काय?

तांबडी माती (फोंडा):
भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाच्या प्रमाणात गोवा देशात सर्वांत वर होता. देशाची सरासरी 11.4 टक्के आणि आपली 26.4 टक्के. या आजाराचे पोटाभोवतीच्या चरबीशी असलेले नाते डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. माझे मत असे आहे की, आपल्याकडच्या मध्यमवयीन माणसाला ही चरबी उतरवायची असेल, तर त्याने सर्वप्रथम ताटातले शीत कमी करावे.

दुपारचे ताट डोळ्यांसमोर आणा. मधोमध उकड्या तांदळाच्या शिताचा ढीग, त्यावर हुमण (माशाची आमटी), कडेला बांगड्याचा एक तुकडा, थोडे किसमूर (सुक्या माशांची कोशिंबीर) आणि भाजी केलीच असेल तर ती चमचाभर. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात सुमारे 28 ग्रॅम कर्बोदके असतात. दुपारी आणि रात्री 300-300 ग्रॅम शीत खाल्ले, तर एकट्या भातातूनच दीडशे ग्रॅमच्या वर कर्बोदके पोटात जातात, आणि पदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेल्या उंड्यांचा (पावांचा) हिशेब त्यात धरलेलाच नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी याहून जास्त शीत खाल्ले, परंतु खाजन (खाऱ्या पाण्याकाठच्या) शेतीत कंबरेइतक्या चिखलात राबणाऱ्यांना ते जिरत होते. कचेरीत आठ तास बसून राहणाऱ्याला ते जिरणार नाही.

दिवसाला 50 ग्रॅमच्या आत कर्बोदके आणणाऱ्या कीटो आहाराचा आग्रह मी धरत नाही. शीत निम्मे करावे, नुस्ते (मासे) दुप्पट घ्यावे, तांबडी भाजी (लाल माठ) नि मुगाची गाठी (नारळाच्या रसातली उसळ) पोटभर खावी आणि आठवड्यातून किमान दोनदा वजने उचलण्याचा किंवा जोर-बैठकांचा व्यायाम करावा, एवढेच माझे म्हणणे आहे. प्रथिनांनी भूक लवकर भागते, त्यामुळे एकूण खाणे आपोआप घटते.

आल्तिन्हो (पणजी):
आपली तळमळ मान्य करूनही मला हे मत पटत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 609 जणांवर वर्षभर केलेला प्रयोग 2018 साली प्रसिद्ध झाला. एका गटाने कर्बोदके कमी केली, दुसऱ्याने स्निग्ध पदार्थ. पहिल्या गटाचे वजन सरासरी 6 किलो उतरले, दुसऱ्याचे 5.3 किलो, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. मग दोष एकट्या शिताच्या माथी का मारायचा?

भात सोडल्यावर पहिल्या पंधरवड्यात काटा झरझर खाली येतो, त्याचे कारणही समजून घ्यायला हवे. यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन (कर्बोदकांचा राखीव साठा) प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. कर्बोदके कमी होताच हा साठा घटतो आणि ते पाणी निघून जाते. चरबी त्या वेगाने जात नसते. पुढे काटा थबकला की माणूस निराश होऊन पुन्हा पूर्वीच्या ताटाकडे वळतो.

याखेरीज रव्यात घोळवून भरपूर तेलात भाजलेली सुरमई, नारळाचा दाट रस आणि संध्याकाळची फेणी यांविषयी आपण एक शब्दही लिहिला नाही. स्निग्धांशाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात, मद्यार्काच्या ग्रॅममध्ये 7 आणि कर्बोदकांच्या ग्रॅममध्ये 4.

घरकारीण (डिचोली):
नुस्ते दुप्पट करा, हे लिहिणे सोपे आहे. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना बंदी असते, त्या काळात बाजारातल्या टोपलीचा भाव ऐकून माघारी फिरावे लागते, आणि पाठोपाठ आमच्याकडे श्रावण पाळला जातो. हे महिने धरून आपला बेत कसा चालवायचा, ते कृपया सांगावे.

तांबडी माती (फोंडा):
बाई, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. बंदीच्या दिवसांत अंडी आणि सुके बांगडे चालतात. श्रावणात अळसांदे (चवळीसारखे कडधान्य), मूग, चणे आणि ताक आहेच. कडधान्यांत कर्बोदके असतात हे खरे, पण त्यांच्यासोबत प्रथिने नि तंतू येतात, म्हणून वाटीभर अळसांद्यांनी जी भूक भागते ती तेवढ्याच शिताने भागत नाही.

पणजीच्या मित्रांनी दाखला दिलेल्या प्रयोगात दोन्ही गटांना साखर आणि मैदा शक्य तितका टाळून भाज्या वाढवण्यास सांगितले होते. दोघांचेही वजन उतरले त्यामागे ही समान सूचना होती, असे मी मानते, आणि आपल्या पांढऱ्या उंड्याला हीच सूचना लागू पडते. फेणी आणि तळणीविषयीचा त्यांचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे.

औषधपेटी (म्हापसा):
वादात एक गोष्ट राहून जाऊ नये, म्हणून लिहितो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने शीत एकदम निम्मे केले आणि औषध तेवढेच ठेवले, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मधुमेहावरच्याच डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके फारच कमी केली, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर धोका संभवतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. ज्या राज्यात मधुमेही इतके आहेत, तिथे ही सूचना ताटाच्या सल्ल्याआधी द्यायला हवी होती.

आल्तिन्हो (पणजी):
ही सूचना महत्त्वाची आहे. आता व्यायामाविषयी थोडे. मिरामारच्या किनाऱ्यावर रोज चालणारे अनेकजण पोट उतरत नाही म्हणून खंतावतात. 70 किलोच्या माणसाने तासभर झपाझप चालून साधारण 250 ते 300 कॅलरी खर्च होतात, आणि परतताना घेतलेल्या दोन सामोशांत त्या भरून निघतात. तरीही चालणे सोडू नये, कारण वजन फारसे न घटताही पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी व्यायामाने कमी होते. वजने उचलण्याचा आपला आग्रहही योग्यच आहे. खाणे घटवताना स्नायू झिजतात, ते त्याने टिकतात.

मतभेद उरतो तो शिताचाच. जन्मभर जेवलेले शीत निम्मे करणे ज्याला जमेल त्याने ते जरूर करावे. पण ज्याला जमत नाही, त्याने तळण, दारू आणि चारच्या चहासोबतचा पाव सोडला, तरी त्याची चरबी उतरेल, असे माझे ठाम मत आहे.

तांबडी माती (फोंडा):
उतरेल, परंतु रात्रीचे शीत तेवढेच राहिले तर फार सावकाश उतरेल. शीत निम्मे करणारा आणि तळण-दारू सोडणारा, अशा दोघांनीही काट्याऐवजी कंबरेचा घेर मोजावा. भारतीय पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर ही मर्यादा सांगितली आहे. चतुर्थीच्या नेवऱ्या सरल्यावर मोजमाप सुरू करावे आणि नाताळाच्या आधी इथे आकडे लिहावेत.