वॉकर घराण्यांचे पूर्वज खरोखर पायांनी कापड तुडवत होते का?

अनुबंध: वॉकर, फुलर आणि टकर ही तीन इंग्रजी आडनावे एकाच धंद्याची आहेत. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड विरळ व तेलकट असे. पाणी, शिळे मूत्र आणि आपल्या मुलतानी मातीच्या जातीची माती घालून ते हौदात तुडवले, की तंतू एकमेकांत गुंतून कापड आटे व घट्ट होई. हे काम करणाऱ्याला इंग्लंडच्या उत्तरेत वॉकर (‘वॉक’ म्हणजे तुडवणे), आग्नेयेत फुलर आणि नैऋत्येला डेव्हनकडे टकर म्हणत. येथवर वाद नाही. मात्र प्रत्येक वॉकरचा मूळपुरुष हौदात उभा राहून कापड तुडवत असे, हे सर्रास केले जाणारे विधान मला मान्य नाही. पाण्याच्या चाकावर चालणारे लाकडी हातोडे, म्हणजे कापड कुटण्याची चक्की, हेच काम करू लागल्याची उत्तरेकडील यॉर्कशरमधील नोंद टेम्पलर नाइट्स या ख्रिस्ती लढवय्या संघाच्या मिळकतींच्या ११८५ च्या पाहणीत आहे, तर उत्तरेतील सामान्य घराण्यांची आडनावे वंशपरंपरेने स्थिरावली ती बहुतांशी चौदाव्या शतकात आणि त्यानंतर. तेव्हा बहुतेक मूळपुरुष चक्कीवरचे कारागीर असावेत, असे माझे मत आहे.

शोधयात्री: चक्की बांधली म्हणजे लोक तिच्याकडे गेलेच, हे आपण गृहीत धरले आहे. चक्की बहुधा जमीनदाराची किंवा मठाची असे आणि तिथे कापड नेले की पैसे मोजावे लागत. लंडनजवळच्या सेंट ऑल्बन्स गावचे रहिवासी मठाची चक्की टाळून घरीच कापड घट्ट करत, आणि त्यावरून १२७४ मध्ये तंटा राजाच्या न्यायालयापर्यंत गेला. लंडनमध्येही १२९८ मध्ये, शहरातले कापड बाहेर स्ट्रॅटफर्डच्या चक्क्यांवर जाते, अशी तक्रार झाली. इतकेच नव्हे, तर टोप्या चक्कीत कुटू नयेत, असा कायदा संसदेने १४८२ मध्ये केला. तीनशे वर्षांनंतरही हातापायांचे काम जिवंत होते, याला यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा?

अनुबंध: सेंट ऑल्बन्स आणि लंडन ही दोन्ही ठिकाणे फुलरच्या प्रदेशातली आहेत, त्यांवरून उत्तरेतल्या वॉकरविषयी काही ठरत नाही. १४८२ चा कायदा तर टोप्यांपुरता होता. यॉर्कशरच्या डोंगराळ भागात वेगाने वाहणारे ओढे भरपूर असल्याने तिथे चक्की सोयीची होती, आणि तिला लोक ‘वॉक मिल’ म्हणत. पाय थांबले तरी नाव टिकले, ते असे.

रानवाट: राजवनात गस्त घालणाऱ्या रखवालदारालाही वॉकर म्हणत. काही घराणी तिकडूनही आली असतील ना?

शोधयात्री: एखाददुसरे असेल, पण हे आडनाव दाट आहे ते लोकरीच्या धंद्याच्या पट्ट्यात, त्यामुळे रखवालदाराला फार वाटा देता येणार नाही. अनुबंध, आपला उत्तरेचा मुद्दा रास्त आहे, तरी कालगणनेत एक गफलत राहते. आडनाव वंशपरंपरेचे होण्यापूर्वी ते त्या माणसाचे टोपणनाव असते, आणि ते मुलानातवांना चिकटायला पिढ्या लागतात. १३७९ च्या डोईपट्टीत साध्या माणसाला ४ पेन्स आणि कारागिराला ६ पेन्स किंवा अधिक आकारणी होती, म्हणून यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग या भागाच्या याद्यांत अनेकांच्या नावापुढे धंदाही लिहिलेला आढळतो; म्हणजे तोवर केवळ नावावरून धंदा ठरवता येत नव्हता. आपण आडनाव स्थिरावल्याचा काळ धरता. मी ते पहिल्यांदा पडल्याचा काळ धरतो, आणि त्या काळी ओढ्याकाठच्या प्रत्येक गावात चक्की होती, हे आपल्याला दाखवावे लागेल.

अनुबंध: प्रत्येक गावात नव्हती, हे मान्य. पण ज्या गावात चक्की नव्हती, तिथे केवळ याच कामावर पोट भरणारा, म्हणून त्यावरून ओळखला जाणारा, वेगळा माणूस तरी कितपत असेल? घरोघरी तुडवले जाणारे कापड कोणालाच आडनाव देत नाही.